आपलं सोनं लंडनच्या तिजोरीत कशाला?

१. नगरतपेठेतला प्रश्न

बेंगळुरूच्या ॲव्हेन्यू रोडमागच्या गल्ल्यांत, नगरतपेठेच्या बाजूला, कानडी-तमिळ गलक्यातून चालताना मध्येच कानावर विट्याची मराठी पडते. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पिढ्यानपिढ्या देशभर पांगली आहेत. गावाकडे पाऊस बेताचा, जमीन माळाची. म्हणून भट्टी आणि मूस घेऊन त्यांनी थेट केरळ-काश्मीरपर्यंतचे सराफ बाजार गाठले. यांना गलाईवाले म्हणतात.

त्यांचं काम समजून घ्या, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे. जुना दागिना म्हणजे सोनं, तांबं, चांदी, डाग यांची खिचडी. त्यात साधारण तिप्पट चांदी घालून तो वितळवायचा आणि मग तेजाबात सोडायचा. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला तपकिरी गाळ उरतो. दिसायला अगदी चहाच्या चोथ्यासारखा. तो मुशीत आटवला की चोख सोन्याची लगड हातात येते.

अशाच एका दुकानात बसलो असताना मालकाने विचारलं, "सर, एक सांगा. आपल्या रिझर्व्ह बँकेचं सोनं लंडनला ठेवलंय म्हणत्यात. आपल्या देशाचं सोनं परक्याच्या तिजोरीत कशाला? आम्ही गिऱ्हाइकाची अंगठीसुद्धा रात्री शेजाऱ्याकडं ठेवत नाही."

हा प्रश्न मला निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारला आहे आणि कॉलेजच्या मुलांनीही. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: हे श्रीमंत देश आपल्याला खेळवतात का? माझं उत्तर असं, की खेळवतात. पण आपण ज्या जागी बोट ठेवतो त्या जागी नव्हे. योग्य जागा सापडायची तर मध्यवर्ती बँका सोनं का ठेवतात, का विकतात आणि लिलाव कुणाच्या नियमांनी होतो, हे क्रमाने बघावं लागेल.

२. कपाटाच्या तळातल्या पाटल्या

घरात पगार येतो, किराणा भरला जातो, मुलांची फी जाते. या व्यवहारात आईच्या पाटल्यांचं काही काम नसतं. त्या कपाटाच्या तळाशी असतात आणि त्या तिथे आहेत हे माहीत असल्यामुळे घर निर्धास्त झोपतं.

देशाचंही तसंच आहे. तेल, खतं, यंत्रं बाहेरून आणायची तर रुपये चालत नाहीत, डॉलर लागतात. रोजचा व्यवहार डॉलरच्या साठ्यावर चालतो. तो आटला आणि कुणी उधार देईना, की मग पाटल्या निघतात. सोन्याचा गुण एवढाच, की ते कुणा दुसऱ्याचं देणं नसतं. डॉलरची नोट हे अमेरिकेचं वचन आहे. सोनं कुणाचंच वचन नाही.

पण सोन्याची किंमत कोण ठरवतं? जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि अमेरिकेचा आधीपासूनचा भाव पक्का झाला: एक औंस सोनं म्हणजे ३५ डॉलर. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, जुन्या मापाने पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी. बाकीच्या देशांनी आपलं चलन डॉलरला बांधायचं आणि अमेरिकेने डॉलर सोन्याला. तिथेच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जन्माला आला. त्याला जगाची पतपेढी समजा. प्रत्येक देशाने भागभांडवल भरायचं, त्यातला काही हिस्सा सोन्यात, आणि ज्याचे भाग जास्त त्याची मतं जास्त.

त्या परिषदेला गेलेल्या भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. देश पारतंत्र्यात होता, तरी चर्चा भारताला मिळणाऱ्या भागांवर रंगली. शेवटी अमेरिकेला २७५ कोटी डॉलरचे भाग मिळाले, ब्रिटनला १३० कोटींचे, चीनला ५५ कोटींचे आणि भारताला ४० कोटींचे. सगळे मिळून ८८० कोटी. म्हणजे एकट्या अमेरिकेकडे तीसहून अधिक टक्के. गावच्या सोसायटीत एकाच वाड्याकडे एवढे शेअर असले तर चेअरमन कोण होईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

३. १९३१: पाटल्या बोटीत बसल्या

सोन्याबद्दलचा आपला राग मात्र ब्रेटन वुड्सच्याही आधीचा आहे. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने पौंड सोन्यापासून सोडवला. म्हणजे पौंड देऊन ठराविक सोनं मिळण्याची हमी संपली आणि पौंड सोन्याच्या तुलनेत स्वस्त झाला. रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे तोही स्वस्त झाला. सोन्याचा कायदेशीर भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. बाजारात तो तिशीकडे सरकला.

आता शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून बघा. जागतिक मंदीने कापूस आणि धान्याचे भाव कोसळलेले. सारा मात्र जुन्याच आकड्याने भरायचा, सावकाराचं व्याजही जुन्याच दराने. हातात पैसा नाही आणि सोन्याला भाव चढलेला. घरातली पुतळ्यांची माळ सोनाराकडे गेली, सोनाराकडून मुंबईच्या बाजारात आणि तिथून बोटीने लंडनला. पुढची काही वर्षं शेकडो कोटी रुपयांचं सोनं असंच गेलं. इंग्रजीत त्याला अडचणीचं सोनं म्हणत. सरकारच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट होती, कारण त्यातून भारताने ब्रिटनला द्यायचे पैसे भागत होते. निर्यातीवर बंदी घाला, अशी मागणी व्यापारी आणि राष्ट्रीय नेत्यांनी केली. ती मान्य झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धात उलटं नाटक झालं. ऑगस्ट १९४३ पासून ब्रिटन आणि अमेरिकेने रिझर्व्ह बँकेमार्फत मुंबईत सोनं विकायला काढलं. सैन्याच्या खर्चासाठी रुपये हवे होते आणि महागाईही शोषून घ्यायची होती. भाव? स्वतः ठरवलेल्या ३५ डॉलरच्या हिशेबापेक्षा पुष्कळ वरचा. दहा वर्षांपूर्वी अडलेल्या माणसाकडून नेलं आणि आता टंचाईच्या भावाने परत विकलं, असं इथल्या लोकांना वाटलं तर त्यात नवल नाही.

४. लिलाव चालतो कसा

तासगावला बेदाण्याचे सौदे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा भाग सोपा जाईल. मात्र एक फरक आहे: बेदाण्याचा सौदा उघड्यावर होतो, मध्यवर्ती बँकांचे लिलाव बहुधा बंद पाकिटात. प्रत्येकाने किती किलो हवं आणि काय भाव देणार ते लिहून द्यायचं.

समजा १०० किलो सोनं विकायचं आहे आणि चार पाकिटं आली. पहिला म्हणतो ४० किलो, ग्रॅमला ७,०५० रुपये. दुसरा ३० किलो, ७,०२० ने. तिसरा ५० किलो, ७,००० ने. चौथा ६० किलो, ६,९५० ने. वरून खाली वाटत या. पहिल्याला ४०, दुसऱ्याला ३०, उरलेले ३० तिसऱ्याला. चौथा हात हलवत घरी.

आता पैसे किती घ्यायचे? एक रीत अशी, की जिथे माल संपला तो भाव सगळ्यांना. इथे ७,०००. सगळे मिळून ७० कोटी रुपये. दुसरी रीत, ज्याने जो भाव लिहिला तो त्याने द्यायचा. मग २८ कोटी २० लाख, २१ कोटी ६ लाख आणि २१ कोटी मिळून ७० कोटी २६ लाख. दुसऱ्या रीतीत २६ लाख जास्त दिसतात खरे, पण जास्त लिहिलं तर जास्त द्यावं लागेल हे ठाऊक असल्यावर माणूस पाकिटातच हात आखडतो. म्हणून कुठली रीत विकणाऱ्याच्या फायद्याची, यावर अजून वाद आहे. नाणेनिधीने दोन्ही वापरल्या. बँक ऑफ इंग्लंडने पहिली.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेदाणा विकणाऱ्याला भाव चढा हवा असतो. सोनं विकणाऱ्या सरकारला तसंच वाटतं असं नाही. कधी त्याला सोन्याचं महत्त्वच कमी करायचं असतं.

५. सहा पोत्यांची वाटणी

१५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं, की यापुढे डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही. व्हिएतनाम युद्ध आणि घरचा खर्च यांमुळे जगात इतके डॉलर झाले होते, की सगळ्यांनी सोनं मागितलं असतं तर अमेरिकेची तिजोरी पुरली नसती. ज्याने नियम लिहिला त्यानेच तो मोडला, आणि त्याला दंड कुणी केला नाही. १९४४ मध्ये रांगेत बसलेल्या गरीब देशांना हा धडा पक्का लक्षात राहिला. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेची मागणी करणारा ठरावही करून घेतला.

मग नाणेनिधीच्या तळघरातल्या सोन्याचं काय करायचं? ते होतं १५ कोटी औंस. जानेवारी १९७६ मध्ये जमैकात तोडगा निघाला. तो पोत्यांच्या भाषेत सांगतो.

सोसायटीच्या गोदामात सहा पोती आहेत. चार तशीच ठेवायची. एक पोतं सभासदांना जुन्या, म्हणजे मातीमोल भावाने परत द्यायचं, ज्याच्या त्याच्या शेअरच्या प्रमाणात. आणि एक पोतं बाजारात लिलावाने विकून नफा गरीब सभासदांसाठी वापरायचा.

ऐकायला न्याय्य वाटतं. आता पाचवं पोतं उघडून बघू. त्यात अडीच कोटी औंस. नाणेनिधीचे त्या वेळचे एकूण भाग २,९२० कोटी, त्यात अमेरिकेचे ६७० कोटी, भारताचे ९४ कोटी. (हे आकडे नाणेनिधीच्या हिशेबी चलनात आहेत, आपल्याला प्रमाणाशी मतलब.) म्हणजे अमेरिकेच्या वाट्याला सुमारे ५७ लाख औंस आणि भारताच्या वाट्याला सुमारे ८ लाख. बाजारभाव जुन्या भावाच्या तिप्पट होता. जुन्या भावाने मिळणं म्हणजे उरलेला फरक फुकट मिळणं. तो फरक जास्त कुणाला मिळाला, हे सांगायला नको. गरिबांच्या नावाने निघालेल्या वाटपात श्रीमंतांचं ताट आधी वाढलं गेलं.

सहाव्या पोत्याचे लिलाव २ जून १९७६ ला सुरू झाले. पहिल्या दिवशी ७ लाख ८० हजार औंस विकले गेले, भाव १२६ डॉलर. मे १९८० पर्यंत असे ४५ लिलाव झाले. एकूण ५७० कोटी डॉलर आले आणि जुनी किंमत वजा जाता नफा ४६० कोटींचा. त्यातले १३० कोटी डॉलर १०४ विकसनशील देशांना थेट वाटले गेले, तेही पुन्हा भागांच्याच प्रमाणात. उरलेल्यातून अतिगरीब देशांना अर्धा टक्का व्याजाने कर्जं मिळाली.

एवढं सगळं सांगून मी या लिलावांना वाईट म्हणणार नाही. अर्धा टक्का व्याजाचं कर्ज त्या काळात सहजासहजी मिळत नव्हतं. गरीब देशांनी आरडाओरडा केला नसता तर सहावं पोतं वेगळं निघालंच नसतं. राग कामाला आला. फक्त वाटणीचं माप रागवणाऱ्यांच्या हातात नव्हतं.

६. मे १९७८: विकायची हौस आपल्यालाही

मे १९७८ मध्ये जगात तीन मोठे विक्रेते एकाच वेळी सोन्याची पोती सोडत होते. नाणेनिधीचे मासिक लिलाव चालू होते. अमेरिकेच्या अर्थखात्याने आपले मासिक लिलाव त्याच महिन्यात सुरू केले. सोन्याला गादीवरून उतरवायचं हे त्यांचं धोरण होतं. आणि तिसरा विक्रेता भारत.

पंतप्रधान मोरारजी देसाई, अर्थमंत्री एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आय. जी. पटेल. मोरारजींचा सोन्याशी जुना दावा होता. १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री असताना त्यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि १४ कॅरेटपेक्षा चोख दागिने करायला बंदी घातली. देशभरातले सोनार त्यात भरडले गेले; विटा-तासगावकडच्या म्हाताऱ्या गलाईवाल्यांकडून त्या दिवसांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. १९७८ चा विचार असा होता, की सरकारी सोनं बाजारात ओतलं की भाव उतरेल आणि तस्करीचा नफा बुडेल.

ऑक्टोबरपर्यंत सुमारे १३ टन सोनं रिझर्व्ह बँकेमार्फत लिलावात गेलं. भाव काही उतरून बसला नाही. उतरणार कसा? ज्या देशात लग्नसराई आणि खरीप दोन्ही सोन्याच्या भाषेत बोलतात, तिथे १३ टन म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा. मोठ्या व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतल्याचे आरोप झाले, लिलाव थांबले आणि १९८० मध्ये परत आलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने चौकशी लावली. त्या मे महिन्यात औंसाचा भाव १८० डॉलरच्या आसपास होता. २१ जानेवारी १९८० ला तो ८५० झाला.

इथे कुणा गोऱ्या देशाने आपला हात पिरगाळला नव्हता. ही चूक घरची होती. आर्थिक अन्यायाची यादी करताना आपण हे पान पटकन उलटतो, म्हणून मुद्दाम थांबलो.

७. १९९१: तारण

१९९१ च्या उन्हाळ्यात पाटल्या खरोखरच कपाटाबाहेर निघाल्या. आखाती युद्धाने तेल महागलं, परदेशी ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या, आणि परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेने स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, परत विकत घेण्याच्या बोलीवर. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपलं ४६.९१ टन सोनं चार खेपांत विमानाने लंडनला पाठवलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून ४०.५ कोटी डॉलर उचलले.

सोनं मुंबईच्या तिजोरीत ठेवूनच कर्ज द्या, असं म्हणून बघितलं गेलं. ऐकलं गेलं नाही. तारण सावकाराच्या ताब्यात हवं. त्या वेळच्या भावाने ४६.९१ टन सोन्याची किंमत साडेपाचशे दशलक्ष, म्हणजे ५५ कोटी डॉलरच्या घरात होती. कर्ज मिळालं पाऊण पट. आपल्याकडच्या सोनेतारण कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेने बरीच वर्षं हीच ७५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. नगरतपेठेच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकाला जो हिशेब लागतो, तोच देशाला लागला.

बातमी फुटली तेव्हा देश हळहळला. घरातलं सोनं गहाण पडणं म्हणजे काय, हे प्रत्येक घराला माहीत होतं, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत कर्ज फिटलं. सोनं मात्र परत आणलं नाही, तिथेच ठेवलं. गलाईवाल्याच्या प्रश्नाचं पहिलं टोक इथे आहे.

८. लंडनचा हातोडा आणि कोलार

बेंगळुरूपासून शंभरएक किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. १८८० पासून जॉन टेलर कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तिथलं सोनं निघालं आणि लंडनच्या भागधारकांचे लाभांश भरत राहिलं. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०२ मध्ये कोलारच्या खाणींना मिळाली. बेंगळुरू शहराला तिच्यासाठी १९०५ पर्यंत थांबावं लागलं. आपल्या शहराआधी परक्या कंपनीची खाण उजळली, ही गोष्ट मला कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकी वाटते.

१९५६ मध्ये खाणी म्हैसूर सरकारकडे आल्या, पुढे केंद्राकडे. तोवर वरचं चांगलं सोनं संपत आलं होतं. तीन किलोमीटर खोल उतरून, टनभर दगडातून काही ग्रॅम काढायचे. तोटा वर्षानुवर्षं साचत गेला.

आणि मग ७ मे १९९९. ब्रिटनने जाहीर केलं, की आपण आपल्या साठ्यातलं निम्म्याहून अधिक सोनं लिलावाने विकणार. भाव पडला. ६ जुलैला पहिले २५ टन गेले, औंसाला २६१ डॉलर २० सेंट. मार्च २००२ पर्यंत १७ लिलावांत ३९५ टन, सरासरी २७५ डॉलरने. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचं नाव त्या तळाच्या भावाला कायमचं चिकटलं. एवढा मोठा विक्रेता आधी घोषणा करून बाजारात उतरला, तर भाव त्याच्याच पायाखाली घसरणार, हे बेदाण्याच्या अडत्यालाही कळतं.

ब्रिटनचं नुकसान झालं ते झालं. पण दक्षिण आफ्रिका आणि घानासारख्या देशांचं पोटच सोन्याच्या भावावर होतं. एका श्रीमंत देशाच्या ताळेबंदातल्या फेरफारामुळे आफ्रिकेतल्या खाणकामगारांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. ओरड इतकी झाली, की २६ सप्टेंबर १९९९ ला युरोपातल्या १५ मध्यवर्ती बँकांनी वर्षाला ४०० टनांपेक्षा जास्त विकणार नाही असा करार केला.

कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. लंडनच्या लिलावांनी ती बंद पाडली असं म्हणणं चुकीचं होईल. खाण आधीच आजारी होती. पण आजारी माणसाची खाट बाहेर काढली गेली ती नेमकी त्या थंडीत. आज त्या वसाहतीतली हजारो माणसं पहाटेची रेल्वे पकडून कामाला बेंगळुरूला येतात.

९. तर मग सोनं तिथे का?

ऑक्टोबर २००९ मध्ये नाणेनिधीने पुन्हा ४०३ टन सोनं विकायला काढलं. या वेळी बाजारात नेण्याआधी मध्यवर्ती बँकांना विचारलं गेलं. डी. सुब्बाराव गव्हर्नर असलेल्या रिझर्व्ह बँकेने एका फटक्यात २०० टन उचललं आणि ६७० कोटी डॉलर मोजले, औंसाला सरासरी १,०४५ डॉलरने. अठरा वर्षांपूर्वी ज्यांनी पाटल्या गहाण ठेवल्या, त्यांनी सावकाराच्या पेढीवर जाऊन रोखीने खरेदी केली. त्यानंतर परदेशातला साठा झाला २६५.४९ टन.

आता गलाईवाल्याचं उत्तर. बेदाणा शीतगृहात का ठेवतात? घरातही राहिला असता. पण सौदा शीतगृहाजवळ होतो, पावतीवर बँक कर्ज देते आणि माल हलवावा लागत नाही. लंडन हे सोन्याचं शीतगृह आहे. तिथलं सोनं विकायचं, उसनं द्यायचं किंवा तारण ठेवायचं झालं तर वहीतली एक नोंद पुरते. १९९१ मध्ये सोनं मुंबईत होतं, म्हणूनच ते विमानाने न्यावं लागलं आणि म्हणूनच बोभाटा झाला.

इथवर लंडनची बाजू. दुसरी बाजू शीतगृहाच्या मालकाची. मालक रागावला तर? व्हेनेझुएलाच्या मादुरो सरकारने आपलं सुमारे ३१ टन सोनं मागितलं. बँक ऑफ इंग्लंडने दिलं नाही, कारण ब्रिटन त्या सरकारला मान्यता देत नव्हता. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाचा सुमारे ३०,००० कोटी डॉलरचा परकीय साठा पाश्चात्त्य देशांनी गोठवला. रशियाबद्दल तुमचं मत काहीही असो, कुलपाची किल्ली कुणाकडे असते ते सगळ्या जगाला दिसलं. त्याआधीच, २०१३ ते २०१७ मध्ये, जर्मनीनेसुद्धा न्यूयॉर्क आणि पॅरिसमधून ६७४ टन सोनं घरी आणलं होतं. मग आपण का नाही? रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ पासून ब्रिटनमधलं सोनं टप्प्याटप्प्याने परत आणायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ अखेर एकूण ८८० टनांपैकी ५७५.८२ टन भारतात होतं, मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत. २९०.३७ टन तेव्हा बँक ऑफ इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय बँकेकडे.

मी हे सगळं दुकानात सांगितलं. तो ऐकत होता, हातातली लगड फिरवत. मी विचारलं, "ही लंडनच्या तिजोरीत चालेल?"

"न चालायला काय झालं? नऊशे पंचाण्णवच्या वरच टंच आहे."

चालणार नाही. टंच बरोबर असला तरी. लंडनच्या बाजाराची एक यादी आहे. त्या यादीत नाव असलेल्या शुद्धीकरण कारखान्याचा शिक्का आणि साधारण ४०० औंसाची, साडेबारा किलोची वीट, असंच सोनं तिथे खरं मानतात. भारतातल्या एकाच कारखान्याचं नाव त्या यादीत आहे, हरियाणातल्या एमएमटीसी-पॅम्पचं. जगात सर्वांत जास्त सोनं अंगावर घालणाऱ्या देशांपैकी एक, आणि यादीत नाव एक. भावही तिथलाच: लंडनमध्ये दिवसातून दोनदा, सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला, इलेक्ट्रॉनिक लिलावातून ठरणारा. १९१९ पासून या ना त्या रूपात हेच चालू आहे.

"म्हंजे सोनं आपलं आणि कसोटी त्यांची," तो म्हणाला आणि लगड काट्यावर ठेवली.

माझ्या मते राग धरायचाच तर तो तिजोरीवर नको, कसोटीवर धरावा. तिजोरीतलं सोनं मागितलं की आणता येतं, आपण आणतोच आहोत. यादी आणि मतपत्रिका विमानात घालून आणता येत नाहीत. नाणेनिधीकडे आजही सुमारे २,८१४ टन सोनं आहे. त्यातलं काहीही विकायचं झालं तर ८५ टक्के मतं लागतात. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत, भारताकडे तीनहून कमी.